वाचकांचे प्रश्न : विस्तवातले मीठ का तडतडते?

गेल्या काही महिन्यांत तापवल्यावर तडतडणाऱ्या, उडणाऱ्या, फुगणाऱ्या पदार्थांबद्दल बरीच पत्रे आली. प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणचे असले, स्वयंपाकघर, शाळा, कारखाना, नदीकाठ, तरी सगळ्यांची मुळे एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणून या वेळी हा एकच विषय घेतला आहे.

प्रश्न : दृष्ट काढल्यावर मीठ-मोहऱ्या विस्तवात टाकतात आणि त्या जोरात तडतडतात. मोहरीचे समजते, पण मीठ तर दगडासारखे कोरडे असते. ते का तडतडते? पिशवीतले बारीक मीठ टाकले तर तेवढा आवाज का होत नाही?
(गृहिणी, अलिबाग)

उत्तर : खडे मीठ कोरडे दिसते, पण आतून कोरडे नसते. त्याच्या पोटात पाणी असते, आणि तेही खारे पाणी. ते तिथे कसे गेले, हे मिठागरात पाहायला मिळते.

समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. उथळ वाफ्यांत ते पाणी उन्हा-वाऱ्याने आटत जाते. मूळ पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा उरला की मीठ स्फटिकरूपात बसू लागते. ऊन कडक असेल, वारा वाहत असेल, तर स्फटिक घाईने वाढतो. चौकोनी स्फटिकाच्या कडा आणि कोपरे त्याच्या बाजूंच्या मध्यभागापेक्षा पुढे धावतात, त्यामुळे प्रत्येक बाजूवर पायऱ्या-पायऱ्यांचा खळगा तयार होतो. पुढे कडा एकमेकींना मिळतात, खळग्यावर छप्पर येते आणि खळग्यातले खारे पाणी आत कायमचे कोंडले जाते. असे शेकडो सूक्ष्म कप्पे एका खड्यात असतात. खडा उजेडासमोर धरा. मधला भाग दुधाळ दिसतो आणि कडेचा भाग काचेसारखा नितळ असतो. दुधाळपणा या कप्प्यांमुळे आहे. जो भाग सावकाश वाढला तो नितळ राहिला.

आता हा खडा निखाऱ्यावर पडला की काय होते? कप्प्यातले पाणी फुगू लागते. साध्या पाण्याचा हिशोब मांडू. 25 अंश सेल्सिअसपासून 200 अंशांपर्यंत तापवले तर पाण्याला सुमारे 15 टक्के जास्त जागा लागते. तेवढ्याच तापमानात मिठाचा कप्पा मात्र दोन टक्क्यांच्या आसपासच मोठा होतो. खाऱ्या पाण्याचा फुगवटा थोडा कमी असतो, पण ओढाताण तीच. कप्प्यात हवेचा बुडबुडा असेल तर फुगणाऱ्या पाण्याला थोडी सवड मिळते. बुडबुडा नसेल तर प्रत्येक अंशागणिक दाब झपाट्याने चढतो. जिथे वाफेला जागा आहे तिथेही सुटका नाही, कारण पाण्याच्या वाफेचा दाब 200 अंशांना हवेच्या दाबाच्या सुमारे पंधरापट आणि 300 अंशांना सुमारे पंचाऐंशीपट असतो. मीठ ठिसूळ आहे आणि ते घनाच्या बाजूंना समांतर सहज फुटते. शेवटी भिंत तुटते, वाफ सुटते आणि तुकडे उडतात. कानाला येतो तो ‘तड्’ याच फुटण्याचा आवाज. फुटलेला चुरा भिंगाखाली पाहा, बहुतेक तुकडे पुन्हा चौकोनीच दिसतील.

बारीक मीठ कमी तडतडते, त्याला दोन कारणे आहेत. ते बहुधा बंद पात्रात, नियंत्रित तापमानाला आटवून केलेले असते, त्यामुळे स्फटिक लहान आणि बरेच नितळ असतात. दुसरे असे की खडे दळून केलेले मीठ असेल तर दळताना खडा कप्प्यांपाशीच, म्हणजे जिथे कमकुवत आहे तिथेच तुटतो. पाणी तेव्हाच बाहेर पडते.

तडतडीचा जोर खडा कुठल्या वाफ्यात, किती घाईने पिकला यावर ठरतो. तो कुणावरून ओवाळला यावर नाही. एकाच पिशवीतले मीठ ओवाळून आणि न ओवाळता टाकून पाहिले तर हे कुणालाही पडताळता येईल.

मोहरीचा मार्गही तोच आहे. टणक सालीत कोंडलेला ओलावा वाफ होतो आणि साल फोडतो. ज्वारीच्या लाह्याही याच तत्त्वावर फुलतात. फरक एवढाच की दाण्यातले पिठूळ द्रव्य गरम होऊन मऊ पडते आणि फुलते. मीठ मऊ पडत नाही, 801 अंशांना वितळेपर्यंत ते कडकच राहते. म्हणून त्याची लाही होत नाही, चुरा होतो.

प्रश्न : हे घरी कसे पडताळावे? मुलांना दाखवायचे आहे.
(शिक्षिका, सांगली)

उत्तर : साहित्य थोडे आहे, पण डोळ्यांची काळजी पहिली. गरम मिठाचा कण डोळ्यात गेला तर इजा होते. चष्मा लावा आणि कढईवर तळणाची बारीक जाळी ठेवा. मुलांना हातभर लांब उभे करा. लोखंडी कढई घ्या. नॉन-स्टिक भांडे रिकामे किंवा कोरडे मीठ घालून इतके तापवू नये.

दुधाळ दिसणारे 50 ग्रॅम खडे मीठ निवडून घ्या. आधी मंद आचेवर दहा मिनिटे ठेवा. या वेळी बारीक ‘चुर्र’ असा आवाज येईल. तो बाहेरून चिकटलेल्या ओलाव्याचा आहे. मिठात मॅग्नेशियम क्लोराइड राहिलेले असते, ते हवेतली वाफ ओढते, म्हणून पावसाळ्यात मीठ पाझरते. हा ओलावा उडाला की आवाज थांबतो. मग आच वाढवा. आता सुटी सुटी, स्पष्ट ‘तड् तड्’ सुरू होईल. हे दोन आवाज वेगळे ओळखता आले की अर्धे समजले. बरेच जण पहिल्या आवाजालाच तडतड समजतात आणि मीठ उन्हात वाळवले तर ते तडतडायचे थांबेल असे मानतात. ते थांबत नाही, कारण ऊन कप्प्याच्या आत पोहोचत नाही.

तडतड बंद झाली की मीठ थंड करा आणि तेवढ्याच आचेवर पुन्हा ठेवा. बहुधा काहीच आवाज येणार नाही. आता आच आणखी वाढवा, म्हणजे थोडी तडतड पुन्हा ऐकू येईल. मोठे कप्पे कमी दाबात फुटतात, अगदी लहान कप्प्यांच्या भिंती जास्त दाब सोसतात. प्रत्येक तापमान आपापल्या कमकुवत कप्प्यांचा हिशोब चुकता करते आणि बाकीचे पुढच्या तापमानासाठी राहतात.

तुलनेसाठी दुसरे 50 ग्रॅम मीठ खलात कुटून तापवा. फरक लगेच कळेल. वजनातली घट मोजायची असेल तर 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा लागेल. स्वयंपाकघरातला काटा कामाचा नाही. भांड्याला झाकण ठेवा, नाहीतर उडून गेलेले कणही ‘गेलेले पाणी’ म्हणून मोजले जातील. या एका चुकीमुळे शाळेतल्या प्रयोगवह्यांत पाण्याचे प्रमाण अवाच्या सवा निघते.

प्रश्न : मोरचूद, तुरटी यांत तर मिठापेक्षा कितीतरी जास्त पाणी असते असे शिकवतात. मग त्या तापवल्यावर का तडतडत नाहीत?
(दहावीचा विद्यार्थी, परभणी)

उत्तर : प्रश्न फार चांगला आहे. पाणी किती आहे यापेक्षा ते कुठे बसले आहे हे महत्त्वाचे.

मोरचुदाच्या वजनात सुमारे 36 टक्के पाणी असते, तुरटीत सुमारे 45 टक्के, टाकणखारात सुमारे 47 टक्के आणि धुण्याच्या सोड्याच्या मोठ्या स्फटिकांत तर 63 टक्के. पण हे स्फटिकजल आहे. त्याचा प्रत्येक रेणू स्फटिकाच्या रचनेत आपापल्या ठरलेल्या जागी बांधलेला असतो. तापवल्यावर हे रेणू टप्प्याटप्प्याने सुटतात आणि स्फटिकाच्या पृष्ठभागापासून आत आत जात बाहेर पडतात. मोरचूद निळ्याचा पांढरा होतो, त्याचा खडा भुसभुशीत होतो, पण पाणी कोंडून राहत नाही. दाब साठला नाही तर स्फोट कशाचा होणार?

तुरटी आणि टाकणखार यांची गंमत निराळी आहे. ते आधी आपल्याच पाण्यात विरघळल्यासारखे वितळतात, आणि मग त्या चिकट रसातून वाफ बाहेर पडताना रस फुगत जातो. शेवटी पांढरी, हलकी, फुललेली वस्तू उरते. वैद्य तिला तुरटीची लाही, टाकणखाराची लाही म्हणतात. शब्द अगदी योग्य आहे. धुण्याचा सोडा तर आपल्या पाण्यात सरळ वितळून वाहतो.

याउलट साधे मीठ, लेड नायट्रेट, बेरियम नायट्रेट, पोटॅशियम ब्रोमाइड यांत स्फटिकजल मुळीच नसते, आणि तडतडणारे म्हणून प्रसिद्ध आहेत ते हेच. त्यांच्यातले पाणी रचनेचा भाग नाही. ते वाढताना चुकून कोंडले गेलेले मूळ द्रावण आहे. त्याला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ते भिंत फोडते. परीक्षेत ‘मीठ का तडतडते?’ याला ‘स्फटिकजलामुळे’ असे उत्तर लिहू नका. ही चूक गाइडांतही आढळते.

प्रश्न : लेड नायट्रेट तापवण्याच्या प्रयोगात परीक्षानळीतून कण बाहेर उडतात आणि नळीही खराब होते. काय करावे?
(कनिष्ठ महाविद्यालयातील प्रयोगशाळा परिचर, अमरावती)

उत्तर : आधी प्रमाण कमी करा. अर्धा ग्रॅम पुरे. प्रात्यक्षिकात दोन-तीन ग्रॅम घेतले जाते, त्याची काही गरज नाही. नळी जाड, उष्णतारोधी काचेची आणि आतून पूर्ण कोरडी हवी. मोठे स्फटिक बाजूला ठेवा आणि बाटलीतले बारीक स्फटिकच निवडा. खलात घोटण्यापेक्षा ही निवड बरी, कारण घोटताना शिशाची विषारी धूळ उडते. घोटणे अटळच असेल तर थोडेसे, मास्क लावून, धुराड्याच्या कपाटात (विषारी वायू बाहेर ओढणाऱ्या बंदिस्त कपाटात) करा. हे क्षार ऑक्सिजन देणारे आहे, म्हणून खल स्वच्छ हवा. त्यात कोळसा, गंधक, साखर यांचा मागमूस नको.

नळी चिमट्यात तिरपी धरून ज्योत आधी क्षारांच्या वरच्या बाजूने, हलती ठेवा. तडतड आधी होते आणि तपकिरी वायू (नायट्रोजन डायऑक्साइड) नंतर दिसतो. हा क्रम मुलांना मुद्दाम दाखवा. तडतड पूर्ण थांबेपर्यंत आच वाढवू नका. तोंडाशी ग्लास वूलचा (काचेच्या तंतूंचा) सैल बोळा ठेवा, घट्ट नको, नाहीतर वायू अडेल. कापूस वापरू नका. पोटॅशियम परमँगनेट तापवतानाही हेच पाळा. तेही तडतडते, त्याची काळी पूड वायूसोबत वर येते, आणि तापलेली पूड कापसाला लागली तर कापूस पेट घेऊ शकतो.

नळी खराब होते त्याचे कारण तडतड नाही. उरलेले लेड मोनॉक्साइड गरम असताना काचेत मुरते आणि थंड झाल्यावर पिवळा थर काचेला धरून बसतो. शिशाची काच याच गुणावर बनते. तो थर खरवडू नका. ती नळी याच प्रयोगासाठी राखून ठेवा. नायट्रोजन डायऑक्साइड फुप्फुसांना घातक आहे, तेव्हा प्रयोग धुराड्याच्या कपाटातच करा. उरलेला शिसेयुक्त कचरा बेसिनमध्ये न ओतता नाव लिहिलेल्या बाटलीत जमा करा.

आणखी एक. कोरड्या परीक्षेत, म्हणजे क्षार कोरडाच तापवून ओळखण्याच्या चाचणीत, ‘तडतड = लेड नायट्रेट किंवा सोडियम क्लोराइड’ अशी नोंद अंदाज म्हणून ठीक आहे, पुरावा म्हणून नाही. तेच क्षार बारीक पुडीच्या रूपात मिळाले तर गप्प राहते. आवाज नाही म्हणून ते नाही, असे लिहिणारा विद्यार्थी फसतो.

प्रश्न : पाण्यातले क्लोराइड मोजायला लागणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाची तीव्रता आम्ही तोललेल्या मिठाशी ताडून ठरवतो. त्यासाठी सोडियम क्लोराइड (मीठ) 110 अंशांना दोन तास वाळवतो. तरी निकालात किंचित फरक राहतो. कारण हेच असेल का?
(पाणी तपासणी प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, नाशिक)

उत्तर : असण्याची शक्यता मोठी आहे. 110 अंशांना फक्त पृष्ठभागावरचे पाणी जाते. कप्प्यातले तसेच राहते आणि वजनात मीठ म्हणून धरले जाते. एक लिटर ठरलेल्या तीव्रतेच्या (0.1 मोलर) द्रावणासाठी 5.844 ग्रॅम घेता. समजा त्यात 0.4 टक्के कोंडलेले पाणी आहे. म्हणजे सुमारे 0.023 ग्रॅम पाणी तुम्ही मिठाच्या भावाने तोलले. प्रत्यक्ष मीठ कमी असल्याने सिल्व्हर नायट्रेटही कमी खर्ची पडते, आणि ते आहे त्यापेक्षा तीव्र असल्याचा निष्कर्ष निघतो. मग पुढच्या प्रत्येक नमुन्यात क्लोराइड 0.4 टक्के जास्त दिसते. चूक नेहमी एकाच दिशेने जाते, म्हणून अनेकदा मोजून सरासरी काढली तरी ती लपूनच राहते.

उपाय असा. मीठ आधी स्वच्छ खलात बारीक घोटा. चिनी मातीच्या मुशीत निम्म्यापेक्षा कमी भरा आणि झाकण ठेवा. तापमान हळूहळू चढवत 500 ते 600 अंशांवर न्या आणि तासभर ठेवा. घाई केली तर मीठ उडून भट्टीच्या भिंतीला लागेल. 800 च्या जवळ जाऊ देऊ नका, ते वितळून मुशीला चिकटेल. डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून लगेच तोला. पुन्हा तापवून वजन बदलत नाही याची एकदा खात्री करा.

प्रश्न : धातूच्या भागांवर उष्णतोपचार करायच्या सॉल्ट बाथमध्ये (वितळलेल्या क्षाराच्या टाकीत) नवे मीठ घालताना उडते. ओव्हनमध्ये वाळवूनही उडते.
(कारखान्यातील पर्यवेक्षक, चिंचवड)

उत्तर : इथे प्रश्न आवाजाचा नाही, भाजण्याचा आहे. वितळलेल्या क्षाराच्या पृष्ठभागाखाली ओला खडा गेला तर पाण्याची क्षणात वाफ होते. पाणी वाफ होताना हजार-सोळाशेपट जागा मागते आणि वरचा तप्त रस बाहेर फेकते.

ओव्हनमधून काढलेले मीठही उडत असेल तर दोन शक्यता तपासा. खडे मोठे आणि दुधाळ असतील तर आत कोंडलेले पाणी आहेच. बाथसाठी आधी वितळवून तुकडे केलेले किंवा दाणेदार निर्जल क्षार घ्या. दुसरी शक्यता बेरियम क्लोराइडची. बाजारात ते स्फटिकजलासहही मिळते आणि त्यात वजनाच्या सुमारे 15 टक्के पाणी असते. गोणीवर ‘निर्जल’ लिहिले आहे का, पाहा.

घालताना थोडे थोडे, कडेने, पृष्ठभागावर पसरेल असे घाला. फावडे रसात बुडवू नका. भोके असलेला जॉब (उष्णतोपचाराचा भाग) धुऊन थेट बुडवू नका, भोकात पाणी राहते. फावडी, हुक, टोपल्या सगळे आधी तापवून घ्या. आणि नायट्रेटचा बाथ व सायनाइडचा बाथ यांची हत्यारे कधीही सामाईक ठेवू नका. त्या दोघांची गाठ पडली की होणारा स्फोट कोंडलेल्या पाण्याच्या कितीतरी पुढचा असतो.

प्रश्न : नदीतले गोटे चुलीला मांडू नयेत, ते फुटतात, असे जुनी माणसे सांगतात. खरे आहे का? आमच्याकडे खाणीत सापडणारे चमकदार पांढरे खडेही तापवल्यावर फुटतात का?
(शेतकरी, जळगाव जिल्हा)

उत्तर : जुन्या माणसांचे अगदी खरे आहे. नदीत वर्षानुवर्षे पडलेल्या गोट्याच्या भेगांत आणि छिद्रांत पाणी मुरलेले असते. बाहेरची बाजू तापून फुगते, आतली थंड राहते, त्यात भेगेतल्या पाण्याची वाफ. गोटा टरकन फुटतो आणि कपऱ्या दूर उडतात. शेतात शेकोटी करताना माळावरचे, उन्हात वाळलेले दगड घ्या. गारगोटीचे गोटे मात्र वाळलेलेही टाळा. गारगोटी 573 अंशांना आपली रचना बदलते आणि आकाराने एकाएकी वाढते, तिला फुटायला पाण्याची गरजच नसते.

तुमच्या भागातले चमकदार खडे बहुधा झिओलाइट गटातले स्टिल्बाइट आणि त्यांच्या सोबत सापडणारे अपोफिलाइट असावेत. जळगाव, नाशिक, पुणे परिसरातल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत ते जगप्रसिद्ध आहेत. स्वीडनचा खनिजशास्त्रज्ञ क्रोन्स्टेट याने 1756 मध्ये असा खडा फुंकनळीच्या ज्योतीत धरला तेव्हा तो उकळल्यासारखा फेसाळला. म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून ‘उकळणारा दगड’ या अर्थी झिओलाइट हे नाव दिले. अपोफिलाइटचे नावही तापवल्यावर त्याचे पापुद्रे सुटतात यावरूनच आले आहे. झिओलाइटमधले पाणी बंद कप्प्यांत नसते, रेणूंच्या मापाच्या बोगद्यांत असते. हळू तापवले तर ते गुपचूप निघून जाते आणि थंड झाल्यावर हवेतून परतही येते. एकदम तापवले तर मात्र वाट अपुरी पडते. चांगला नमुना असेल तर त्याची चव विस्तवाला देऊ नका, आणि गरम पाण्याने धुऊही नका.

प्रश्न : चुनाभट्टीत काही खाणींचा चुनखडक तडतडून त्याचा चुरा होतो. आधी ओळखता येईल का?
(भट्टीचालक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : येईल. मोठ्या, चमकणाऱ्या स्फटिकांचा चुनखडक आणि संगमरवर जास्त तडतडतो. बारीक कणांचा, घट्ट खडक सहसा शांत राहतो. नवी खाण घेण्यापूर्वी वेगवेगळ्या थरांतून साधारण 2 ते 3 सेंटिमीटरचे तुकडे जमवा, एक किलो तोला, आणि झाकणाच्या लोखंडी डब्यात थेट लाल तापलेल्या भट्टीत अर्धा तास ठेवा. थंड झाल्यावर 5 मिलिमीटरच्या चाळणीने चाळून खाली पडलेला चुरा तोला. सध्या चालू असलेल्या चांगल्या दगडावरही हीच चाचणी करा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. पूर्ण भाजल्यावर चुनखडकाचे वजन कार्बन डायऑक्साइड गेल्याने 44 टक्क्यांपर्यंत घटते, म्हणून चुऱ्याचे प्रमाण भाजलेल्या मालाच्या वजनावर काढा, मूळ किलोवर नाही.

उभ्या भट्टीत चुरा दगडांमधल्या फटी बुजवतो, हवा अडते, कोळसा अर्धवट जळतो आणि माल कच्चा निघतो. तडतडणारा दगड घ्यावाच लागला तर भट्टीचा वरचा, दगड गरम करणारा थर जास्त उंचीचा ठेवा, म्हणजे दगड सावकाश तापेल. मिश्रणात त्याचा वाटा थोडा ठेवून सुरुवात करा आणि दोन भराव्यांनंतर खालून निघणारा चुरा पुन्हा तोलून पाहा.